उपेक्षा या शब्दावरून

आषाढातली पौर्णिमा आली की कल्याणहून शहाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या विहारात वर्षावास बसतो. पूर्वी पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू फिरणं थांबवून एका जागी राहायचे, शिकायचे, शिकवायचे. आता आमच्या वस्तीत भिक्खू क्वचितच येतात, पण वर्षावास न चुकता येतो. रोज संध्याकाळी वाचन, रविवारी प्रवचन. दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग, आत सतरंजीला येणारा दमट सुताचा वास, पंख्याच्या वाऱ्याने एका बाजूला झुकलेल्या मेणबत्त्यांच्या ज्योती. माईकवाला बोटाने टकटक करतो, "हॅलो, चेक" म्हणतो, माईक कर्कश शिटी मारतो आणि सगळ्या बायकांचे हात एकदम कानांवर जातात.

यंदा आईने फोनवर सांगितलं, "बसला गं वर्षावास. माईक अजून तोच आहे."

मी ठाण्यात, खोपटला, माझ्या घराच्या खिडकीतली तुळस आत घेत होते. समोरच्या डेपोतून एक एसटी बाहेर पडत होती, तिचा एकच वायपर चालू. आईचं बोलणं ऐकता ऐकता मला त्या सतरंजीचा वास आला, अगदी नाकाशी. आणि मी एका जुन्या पावसाळ्यात जाऊन बसले. त्या पावसाळ्यात आमच्या घरात एका शब्दावरून भांडण झालेलं. शब्द शाळेतल्या पोरालाही येणारा. उपेक्षा.

पप्पा डोंबिवलीला एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. सगळी नोकरी छटा जुळवण्यात गेली. त्यांच्या लेखी 'साधारण निळा' असं काही नसतं. निळा कुठला, ते सांगा. निवृत्त झाल्यावर ते पाली शिकले आणि शब्दांनाही तोच न्याय लावू लागले. विहारात ते बोलायला उभे राहिले की आवाज चढत नाही, हात हलत नाहीत. माणूस बोलतोय की पाण्याचा नळ बारीक सोडून ठेवलाय, असं वाटावं.

आई महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायची. तिच्याकडे प्रत्येक शब्द समानार्थी आणि विरुद्धार्थी अशा दोन नातेवाइकांना घेऊनच येतो. गॅसवर भाजी विसरली तर आधी भाजी वाचवायची सोडून ती म्हणेल, "करपली नाहीये, लागलीय. दोन्हींत फरक आहे." पप्पांना शब्दाचं मूळ हवं असायचं, आईला वापर. इतकी वर्षं हे कौतुकाने चाललेलं. त्या पावसाळ्यात मात्र चिघळलं, कारण त्या पावसाळ्यात मी माजिवड्याच्या सासरहून घरी आलेले.

माझं लग्न होऊन फार वर्षं झाली नव्हती. संदेश, माझा नवरा, वाईट माणूस नव्हता. आमचं एकदा माझ्या नोकरीवरून बिनसलं. त्याचं म्हणणं सोड, माझं म्हणणं नाही. त्यावर तो ओरडला नाही, भांडला नाही. त्याने बोलणं थांबवलं. आधी वाटलं, दोन दिवसांत निवळेल. दोन दिवसांचे आठवडे झाले आणि आठवड्यांचे महिने. वाढलं की जेवायचा, बेल वाजली की दार उघडायचा, टीव्हीचा आवाज माझ्यासाठी कमीसुद्धा करायचा. पण माझ्याकडे बघायचा नाही. त्याच काळात मला चष्मा लागला. जाड काळ्या काड्यांचा, तोंडभर दिसणारा. तो घालून मी त्याच्यासमोर आठवडाभर वावरले आणि त्याला ते कळलं नाही. मी त्या घरात आहे की नाही हे मलाच अधूनमधून तपासून बघावं लागे. स्वयंपाकघरात उगाच भांडं आपटून बघायचं, आवाज येतोय ना.

एके दिवशी दोन बॅगा भरल्या आणि कल्याणची बस पकडली. दार पप्पांनी उघडलं. त्यांनी बॅगांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"भिजलीस," म्हणाले. बॅगा आत नेल्या आणि टॉवेल आणून दिला. बस्स.

आई शाळेतून आल्यावर तिने सगळं विचारलं. कधीपासून, का, आधी का नाही सांगितलंस, जेवत होतीस का नीट. रडली, मग चिडली, संदेशला शिक्षिकेच्या तोंडी शोभतील अशा शिव्या दिल्या आणि मग रव्याचा शिरा केला. पप्पा काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. जाऊ नकोस म्हणाले नाहीत, परत जा म्हणाले नाहीत, बरं केलंस असंही म्हणाले नाहीत. सकाळी पेपर वाचून झाला की माझ्याकडे सरकवायचे, तेवढंच. एका न बोलणाऱ्या माणसाला सोडून मी दुसऱ्या न बोलणाऱ्या माणसाकडे राहायला आलेय, असं मला वाटायला लागलं. वडिलांबद्दल असं वाटणं फार वाईट असतं. नवऱ्याला निदान सोडून येता येतं.

श्रावणातले चार रविवार पप्पांकडे होते. मनाचे चार गुण, प्रत्येक रविवारी एक: मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा.

मैत्रीचा रविवार गोड गेला. करुणेच्या रविवारी एक भिजलेलं कुत्रं आत आलं आणि पप्पांच्या पायाशी माईकच्या दांड्याला टेकून झोपलं. विषयच असा होता की त्याला हाकलायची कोणाची हिंमत होईना. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखात सुख. नेमकी त्याच आठवड्यात पवारांच्या सुनेला सरकारी नोकरी लागलेली आणि पेढे वाटून झालेले. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "माझ्या पोराचं नाही झालं अजून. तरी मला आनंद झालाच पाहिजे का, भाऊ?" सगळे हसले. पप्पा हसले नाहीत. म्हणाले, "झालाच पाहिजे असं नाही. होतोय का, ते बघत राहायचं." त्या बाई बराच वेळ मान हलवत होत्या. घरी येताना आई म्हणाली, "आज चांगलं बोललात." पप्पांनी नुसती छत्री तिच्या बाजूला जरा जास्त धरली.

मग सोमवार आला. पप्पांची रीत अशी की रविवारचं भाषण आधी घरात आईला ऐकवायचं. आई खाली बसून भाजीचं अळू सोलत होती, हातांना चिंचेचं पाणी लावलेलं. मी खाटेवर कपड्यांच्या घड्या घालत होते.

पप्पांनी घसा साफ केला. "उपेक्षा हा चारही गुणांतला सर्वांत वरचा..."

"थांबा," आई म्हणाली. "शब्द बदला."

"कुठला?"

"उपेक्षा."

"अगं, विषयच तो आहे."

"मग विषय बदला. मी मुलांना फळ्यावर लिहून देते, उपेक्षा म्हणजे हेळसांड, दुर्लक्ष. वाक्यात उपयोग: म्हातारपणी आईवडिलांची उपेक्षा झाली. आणि रविवारी तुम्ही त्याच मुलांच्या आयांना सांगणार, की हा मनाचा सर्वांत वरचा गुण आहे? जन्मभर ज्यांच्या वाट्याला उपेक्षाच आली, त्या बायकांनी ऐकून काय घरी न्यायचं?"

"हा आपला रोजचा शब्द नाही. पालीत उपेक्खा. अर्थ वेगळा."

"ऐकणारीचे कान मराठी आहेत."

"चूक शब्दाची नाही, वापराची आहे. लोकांनी मळवला म्हणून मी शब्द टाकून देऊ?"

"टाकू नका. धुवा. पण वाळेपर्यंत अंगात दुसरं काहीतरी घालाल की नाही?"

पप्पांना ते पटलं असावं, कारण ते दुसरा शब्द शोधायला लागले. मंगळवारी 'तटस्थता' आणली. आई म्हणाली, "तट म्हणजे काठ. काठावर उभा तो तटस्थ. कोणी बुडत असताना काठावर उभं राहणं हा गुण झाला का?" उल्हास नदी आमच्यापासून फार लांब नाही, त्या वर्षी पाणीही चढलेलं. तटस्थता तिथेच वाहून गेली. बुधवारी 'समचित्तता' आली. आई म्हणाली, हा शब्द ऐकून माईक आपणहून शिटी मारेल. 'अलिप्तता' तिने सुचवली, ती पप्पांनी नाकारली.

"अलिप्त म्हणजे नुसतं चिकटत नाही ते. उपेक्षा बघते. शब्दातच आहे बघ, उप म्हणजे जवळ, ईक्ष् म्हणजे पाहणं. जवळ जाऊन पाहणं. ओढून घ्यायचं नाही, ढकलायचं नाही, आपलं मत त्याच्यावर लादायचं नाही. पण नजर काढायची नाही."

"बघते ना? मग बघून काय करते?"

पप्पांनी भाषणाच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "बघते."

आईने चिरलेली भाजी पाण्यात टाकली, जरा जोरातच. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पप्पांनीही नाही. पण मला त्या क्षणी कळलं की भांडण भाषणाचं नाहीच. माझ्या डोक्यावरून, भाजीच्या पातेल्यावरून, एका शब्दाआडून ही दोघं माझ्याबद्दल बोलतायत. घरातल्या मोठ्या माणसांची ही सवय असते. थेट बोलायला धजत नाहीत तेव्हा ती मिठावरून भांडतात, पंख्याच्या वेगावरून भांडतात. आमच्याकडे व्याख्येवरून भांडली.

गुरुवारी डोंबिवलीहून लिमयेकाका आले. पप्पांबरोबर त्याच प्रयोगशाळेत होते, शेजारच्या टेबलावर. संस्कृत हे त्यांचं दुसरं घर. काकूंनी दिलेल्या सुरळीच्या वड्यांचा डबा आईच्या हातात देऊन चप्पल काढायच्या आतच त्यांनी विचारलं, "काय मधू, रविवारचं काय?" पप्पांनी वाद सांगितला. काकांचे डोळे चमकले. वाद म्हटला की त्यांचे गुडघे दुखायचे थांबतात.

"अरे, यात वाद कसला? आमच्या योगशास्त्रातही हेच चार आहेत. जो सुखात आहे त्याच्याशी मैत्री. दुःखात आहे त्याच्यावर करुणा. पुण्यवान दिसला तर आनंद मानायचा. आणि जो दुष्ट आहे त्याची उपेक्षा. त्याच्या नादी लागायचं नाही. संपलं."

आई लगेच म्हणाली, "म्हणजे हिच्या सासरच्यांची?"

"अगदी बरोबर, वहिनी! उत्तम उदाहरण."

"नाही," पप्पा म्हणाले. "दुष्ट कोण, सुष्ट कोण हे आधी ठरवलंस, की तिथेच ती संपली. उपेक्षा सगळ्यांसाठी सारखी. संदेशसाठीही."

"संदेशसाठी?" आईचा आवाज चढला. "त्याच्यासाठीही सारखं? आणि पोटच्या पोरीसाठीही सारखं?"

काकांनी एक सुरळीची वडी उचलली आणि ती तोंडात टाकावी की नाही हे त्यांना कळेना. शेवटी हळूच म्हणाले, "वहिनी, एक सांगू? आमच्या शास्त्रात ती दुष्टांपुरती आहे म्हणून सोपी आहे. याची अवघड आहे. म्हणून हा चुकतोय असं नाही, पण अवघड आहे." जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जिन्यात पप्पांना म्हणाले, तेही मला ऐकू आलं, "मधू, पोरीशी बोल रे जरा."

पप्पा बोलले नाहीत.

शनिवारी संदेशकडची माणसं आली. संदेश, त्याचे वडील आणि त्याचे मामा. जय भीम झाले, पाणी झालं, चहा ठेवला. बाहेर पाऊस असा की बोलायला आवाज वाढवावा लागत होता. मी पप्पांच्या शेजारी बसलेले. आई स्वयंपाकघराच्या पडद्यामागे.

सासरे म्हणाले, "मुलगा दारू पीत नाही, हात उचलत नाही, बाहेर काही भानगड नाही. बोलत नाही एवढंच. यासाठी कोणी घर सोडतं?"

मग मामांनी सूर लावला. ते पप्पांना ओळखून होते. "भाऊ, तुम्ही तर विहारात प्रवचनं देता. मन शांत ठेवा, प्रतिक्रिया देऊ नका, हे तुम्हीच शिकवता. आमचा पोरगा शांत आहे. मग तक्रार कसली?"

चहाचा कप माझ्या हातात होता. माझ्या मनात जे इतके दिवस घुमत होतं, तेच त्या माणसाने मोठ्याने विचारलेलं. खरंच, फरक काय? हा बोलत नव्हता, तेही बोलत नाहीत. मीसुद्धा पप्पांकडे बघायला लागले. पडद्यामागे आईचीही हालचाल थांबली.

पप्पांनी मामांना उत्तर दिलं नाही. ते संदेशकडे वळले. आवाज नेहमीसारखाच, बारीक नळाचा.

"संदेश, सुजाता तुमच्यासमोर बसलीय. लग्नात होती आणि आता आहे, काय बदललंय?"

संदेशने मान वर केली. कितीतरी महिन्यांनी त्याने माझ्याकडे पाहिलं. "बारीक झालीय," तो म्हणाला.

"चष्मा," पप्पा म्हणाले. "लग्नात नव्हता. तुमच्याकडे असताना लागला."

संदेशचा चेहरा पडला. पप्पा बोलत राहिले, चढ नाही, उतार नाही. "इथे आली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. आता खोलीकडे करते. चहात साखर घेणं सोडलं होतं, हल्ली परत घेते. फोन वाजला की दचकायची, आता नुसती बघते. पेपर आधी चाळून ठेवून द्यायची, आता शब्दकोडं सोडवते, आडवे शब्द आधी. हे सगळं मी रोज पाहिलं. बोललो नाही, कारण पुढे काय ते तिने ठरवायचं आहे, माझ्या तोंडाकडे बघून नाही. तुम्हीही बोलला नाहीत. पण मामा, आम्ही दोघं एकच गोष्ट करत नव्हतो."

मी कप खाली ठेवला. शब्दकोड्यातले आडवे शब्द मी आधी सोडवते हे मलाही माहीत नव्हतं.

सासरे काहीतरी म्हणाले, मामाही म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. मी म्हटलं, मी परत येणार नाही. माझाच आवाज मला स्वच्छ ऐकू आला. निघताना संदेश दाराशी थांबला, चपलेत पाय घालताना खालच्या मानेनेच त्याने विचारलं, "नंबर काय लागला?"

"दीड," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. आमच्या लग्नातलं ते शेवटचं संभाषण. त्यानंतर जे बोललो ते वकिलांच्या समोर, समंजसपणे, दोघांच्या संमतीने. आजही त्याच्याबद्दल माझ्या मनात राग असा नाही. तो दारातला प्रश्न त्याने आधी विचारला असता तर, असं मात्र कधीतरी वाटतं.

ते गेले आणि आई पडद्यामागून बाहेर आली. मला वाटलं, आता ती पप्पांचं कौतुक करणार. ती कंबरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"हे सगळं बघत होतात? आणि तिला सांगितलं नाहीत? तिला वाटत होतं की बापालाही ती दिसत नाही!"

"सांगितलं असतं तर तिच्यावर दबाव आला असता."

"न सांगितल्याचाही येतो. तुमची व्याख्या मला मान्य आहे. जवळ जाऊन बघा, नजर काढू नका, मत लादू नका, सगळं मान्य. फक्त माझी एक दुरुस्ती. ज्याच्याकडे बघताय त्याला कळलं पाहिजे की कोणीतरी बघतंय. ते कळत नसेल तर ती हेळसांडच. आतून तुम्ही कितीही सम असा."

"ही अट कुठल्याच ग्रंथात नाही गं."

"मग ग्रंथ लिहिणाऱ्यांना लेकी नसतील."

"नव्हत्याच," पप्पा गंभीरपणे म्हणाले. "भिक्खू होते ते."

मला हसू फुटलं. रडता रडता हसू. आई माझ्याकडे बघून हसायला लागली आणि शेवटी पप्पासुद्धा, खांदे हलवत, आवाज न करता. घरी आल्यापासून आम्ही तिघं एकदम हसलो ते तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी विहारात माणसं बेताची होती. पावसाने रस्त्यावर घोट्यापर्यंत पाणी आणलेलं, बायका पांढऱ्या साड्यांचे काठ हातात धरून आल्या. पप्पांनी शब्द बदलला नाही. उपेक्षाच म्हणाले. मूळ सांगितलं, अर्थ सांगितला. मग कागद खाली ठेवून म्हणाले, "या व्याख्येला माझ्या घरातून हरकत आलेली आहे. ती मला खोडता आलेली नाही. म्हणून ती ज्यांची आहे त्यांनीच मांडावी."

आई बायकांच्या रांगेत बसलेली. ती चमकली, पण शिक्षिकाच ती. उठली आणि माईकची वाट न बघता वर्गातल्या आवाजात आपली दुरुस्ती सांगितली. माझं नाव घेतलं नाही. पण मी तिच्या शेजारी बसलेले आणि बोलताना तिने माझा खांदा धरून ठेवलेला.

त्यावर जे सुरू झालं ते काही आवरेना. निवृत्त झालेले एक हेडक्लार्क उभे राहिले. "म्हणजे समता पाळायची आणि वर तिची जाहिरातही करायची? मग ती समता कसली, बाई?" मागून एकीचा आवाज आला, "जाहिरात नाही हो. नुसतं 'आहे मी' एवढं म्हणायचं." कोणी म्हणालं, आजारी सासूचं करताना मन थाऱ्यावर ठेवावंच लागतं, नाहीतर आपणच खचतो, त्याला काय म्हणायचं? कोणी म्हणालं, माझा बापही असाच होता, बघायचा की नाही, मला कधी कळलं नाही, आता विचारायला तो नाही. पप्पा मध्ये पडले नाहीत. जो बोलेल त्याच्याकडे वळून ते ऐकत होते. निकाल लागला नाही. प्रवचनानंतर वाटायची खीर थंड झाली आणि थंडच वाटली गेली.

काका फोनवर म्हणाले, "म्हणजे आता एकूण व्याख्या तीन. छान. मतभेद जिवंत आहे, मधू, माणसंही जिवंत आहेत."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात मी या शब्दाच्या मागावर नाही, शब्दच माझ्या मागावर आहे. बातम्यांत 'उपेक्षित' आलं की मला आईचा फळा दिसतो. ऑफिसात माझ्या हाताखालची मुलगी कोणी काही बोललं की म्हणते, "इग्नोर मार ना, दीदी." ही बहुतेक काकांची व्याख्या, ठाण्याच्या पोरांच्या तोंडी आलेली. आणि खोपटला एकटं राहायला लागल्यावर पहिल्या पावसाळ्यात मला तापाने धरलेलं, तेव्हा पप्पा कल्याणहून आले, न बोलता पेज करून दिली, खुर्चीत बसले. मी डोळे उघडले की म्हणायचे, "आहे मी." झोपले की पेपर वाचायचे. परत डोळे उघडले की परत, "आहे मी." तेव्हा वाटलं, माणूस शिकतोय. त्या वयात नवीन व्याख्या अंगवळणी पाडणं सोपं नसतं. नवी पाली क्रियापदं पाठ करणं त्यापेक्षा सोपं.

परवाच्या रविवारी मी कल्याणला गेले. कंपनी मला गुवाहाटीला पाठवतेय, तिथली नवी प्रयोगशाळा उभी करायला, दोन-तीन वर्षांसाठी. बढती आहे. मला जायचं आहे. हे घरी सांगायचं होतं.

आईने सगळं विचारलं. राहणार कुठे, खाणार काय, तिथे भूकंप होतात ना, थंडी किती, ओळखीचं कोण. मग म्हणाली, "जा. मी तुझ्याजागी असते तर कालच गेले असते." आणि डोळे पुसत आत गेली.

पप्पा खिडकीशी बसलेले. आता ऐकायला थोडं कमी येतं, पण हे त्यांना नीट ऐकू आलेलं. मी वाट पाहिली. ते काही बोलले नाहीत. मीही मनाशी म्हटलं, ठीक आहे, ते बघतायत, मला माहीत आहे, एवढं पुरे. बॅग उचलायला मी वाकले.

"सुजू."

ते उठले, माझ्यासमोर येऊन बसले. आवाज तोच, बारीक. पण मध्ये कुठेतरी तुटत होता, आणि तो त्यांनी तुटू दिला.

"तू मला विचारलेलं नाहीस. मी मत देतही नाही. पण एक तुला माहीत असावं. तू गेलीस की मला करमणार नाही. फार जड जाणार आहे मला." ते थांबले. मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तू जा."

आई दारात कधी येऊन उभी राहिलेली, मला कळलं नाही. पदराने तोंड पुसत ती पप्पांकडे बघत होती. कितीतरी वर्षांचा वाद अखेर जिंकल्यावर माणसाचा चेहरा जसा व्हावा तसा तिचा झालेला नव्हता. ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली,

"एवढंच तर म्हणत होते मी."